धुळ्याचं चित्र

हेमराज तिसऱ्यांदा त्याच चित्रापुढे जाऊन उभा राहिला, तेव्हा जहांगीरच्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

जळगावच्या त्या सभागृहात चाळीस चित्रं टांगली होती. प्रत्येकावर चित्रकाराचं आणि गुरूचं नाव कागद चिकटवून झाकलेलं. पहिला येणाऱ्याला बडोद्यात दोन वर्षं शिकायला मिळणार होतं. जागा एकच. ती आपल्या मिसबाहला मिळावी म्हणून जहांगीर आठवडाभर धड जेवला नव्हता. रिक्षावाल्याची पोर, नऊ वर्षं त्याच्याकडे शिकत होती, आणि वयाची अट यंदा संपत होती.

तिचं चित्र त्याने आल्या आल्या ओळखलं. केळीची बाग, पानांवर सकाळचं ऊन, एकेक शीर मोजून घ्यावी. असा हात दुसरं कोण बसवतं हो? महिनाभर पोरगी "झाल्यावरच दाखवीन, सर" म्हणत होती आणि शेवटी न दाखवताच पाठवून मोकळी झाली. बरंच झालं.

आणि हा धुळ्याचा हेमराज! दोघं एकाच वर्गात शिकलेले, आणि आज दोघंही परीक्षक. याने शाळेच्या भिंतीवर जिना रंगवला, बकऱ्या त्यावर चढायला गेल्या, आणि झाले साहेब थोर कलावंत! लोकांच्या डोळ्यांना फसवायचं आणि त्याला विचार म्हणायचं. वीस वर्षं जहांगीर हे कौतुक ऐकत होता आणि जळत होता. हो, जळत होता, त्यात लपवायचं काय?

समोरचं चित्र तसलंच. घड्या घातलेल्या पुठ्ठ्यावर रंगवलेलं. डावीकडून पाहिलं तर डाळ पाखडणारी बाई. उजवीकडे सरकलं की बाई गायब, नुसतं सूप हवेत.

"भाऊ, यामा जीव शे. जीव आहे रे यात," हेमराज म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. "ही बाई रोज आपल्यासमोर असते. आपण मेले कायम उजवीकडूनच जातो."

"जत्रेत मिळतात असली चित्रं. इकडून शंकर, तिकडून विष्णू."

"पहिला नंबर याचाच. हात जोडतो तुला, जहांगीर."

हात जोडतोय! स्वतःच्या शिष्यासाठी! जहांगीर तिसऱ्या परीक्षक कमलबाईंकडे वळला. त्यांची उभी हयात शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलेली.

"अक्का, पोरांना चित्रकला शिकवायची की जादूचे प्रयोग? हे पहिलं आणलं तर उद्या कष्ट कोण घेईल?"

कमलबाईंनी बराच वेळ चष्मा पुसला आणि मान डोलावली. केळीची बाग पहिली आली. घड्यांच्या चित्राला जहांगीरने शंभरात चार गुण दिले, ते यादीतूनच गेलं.

हेमराजकडे बघून तो हसला. वीस वर्षांनी मनसोक्त हसला.

कमलबाईंनी बागेवरचा कागद सोलला. "ऋतिका पाटील. गुरू हेमराज, धुळे."

जहांगीर हेमराजकडे वळला. "ही तुझी विद्यार्थिनी? तुला ठाऊक होतं?"

"मीच पाहून पाठवलं ना ते."

"मग दुसऱ्यासाठी कशाला भांडत होतास?"

"ते जास्त चांगलं होतं," हेमराज म्हणाला, आणि घड्यांच्या चित्रावरचा कागद सोलून त्याने तो जहांगीरसमोर धरला.

मिसबाह सलीम पिंजारी. गुरू जहांगीर सर, जळगाव.