शेवटचा तुकडा

“मुन्नादादा, एवढा शेवटचा तुकडाच जमून न्हाई राहिला,” वैष्णवी म्हणाली आणि मोबाइल विटेला टेकवून अंगणातल्या ताडपत्रीवर उभी राहिली.

सहावीतली पोर. शाळेच्या गॅदरिंगला भावाचाच नाच करायचा म्हणून हट्ट धरून बसली होती. भाऊ म्हणजे रुद्र. त्याला जाऊन दोन महिने झाले होते. बाळापूरच्या बाजारातल्या सिमेंटच्या ओट्यावर तो आणि त्याचा दोस्त मुन्ना रोज संध्याकाळी पॉपिंग करायचे. अंगाला झटके देत नाचायचं, हात तुटल्यासारखा लोंबू द्यायचा, मान मधेच अडकवायची. आधी लोक हसायचे. पण रुद्र यूट्यूब बघून बघून असा तयार झाला, की हसणारेच थांबून बघायला लागले. शेवटच्या दिवशीचा व्हिडिओ मुन्नानं काढला होता, रुद्रच्याच मोबाइलवर. तो मोबाइल आता वैष्णवीकडे होता.

तिनं व्हिडिओ लावला आणि सुरुवात केली. खांदा, कोपर, मनगट. एकेक झटका भावासारखा, त्याच्या नखऱ्यासकट. क्षणभर मुन्नाला बरं वाटलं. मग ती ताडपत्रीवर आडवी झाली आणि थांबली.

“हे बघ, इथं. दादा खाली पडते, मंग टाचा घासते, डोळे वर करते. ते कसं करायचं?”

मुन्नानं मोबाइलवरची नजर काढली. तो नाच नव्हताच. रुद्रला फिट आली होती, आणि काहीतरी नवीन स्टेप आहे असं समजून मुन्ना व्हिडिओ काढत राहिला होता. थोडं आधी दवाखान्यात आणलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले, ते एकट्या मुन्नालाच. घरी येऊन त्यानं सांगितलं, रुद्र नाच संपवून खाली बसला आणि गेला. आज काय वाट्टेल ते होवो, सांगूनच टाकायचं, असं ठरवून तो आला होता.

“काकू,” तो म्हणाला.

रुद्रची आई, जनकाबाई, दारात हळकुंडं निवडत बसली होती.

“काकू, त्या दिवशी ओट्यावर...”

“थांब रे बाबा, तिला करू दे. तुला दाखवायचं म्हणून सकाळपासून करून राहिली.”

वैष्णवीनं तो तुकडा पुन्हा लावला. पाठीवर पडून टाचा घासल्या, बोटं वळवली, मान एका अंगाला ओढली. या वेळी जमलं. इतकं हुबेहूब जमलं, की मुन्ना तिला धरायला धावला आणि अर्ध्यातच थांबला. मोबाइलमधून त्याचाच आवाज येत होता, हसता, आनंदानं फाटलेला: “वा रे वाघा! थांबू नको, चालू दे!”

वैष्णवी धापा टाकत उठून बसली. “बराबर आलं ना, मुन्नादादा?”



जनकाबाईनं पदरानं डोळे पुसले.

“मला तेवढंच समाधान हाय रे मुन्ना,” ती म्हणाली. “माझं लेकरू एकटं न्हाई गेलं. त्याचं कौतुक करणारं कोणीतरी जवळ होतं.”