पुजलेले ठोकळे

धुळानं तिन्ही ठोकळ्यांवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते वरच्या बाजूला. कडेनं कंपनीचं नाव होतं आणि कंपनीच्या नावावर कुंकू लावणं बरं दिसलं नसतं. शिवाय वरची बाजू सपाट होती. ती पाय ठेवण्यासाठी सपाट होती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. धुळा कॉलेजचा शिपाई. आजवर त्यानं झेरॉक्स मशीन, बोअरची मोटर आणि प्राचार्यांची गाडी पुजली होती. त्यांतल्या कशावरही कुणी उडी मारली नव्हती.

हे ठोकळे मात्र उड्या मारण्यासाठीच होते. अठरा, चोवीस आणि तीस इंच उंचीचे, लाकडी, वरून रबर लावलेले. प्लायोमेट्रिक बॉक्स. संस्थेचे सचिव मानसिंगराव कंपनीच्या माहितीपत्रकातून त्यांचे फायदे वाचून दाखवत होते. स्नायूंना स्फोटक ताकद येते. पाय जमिनीवरून लवकर सुटतो. गुडघ्याला आणि घोट्याला इजा होण्याचं प्रमाण घटतं. फायदे चौदा होते. नवव्या फायद्याला सोलापूरचं ऊन मांडवात शिरलं आणि दहाव्याला पोरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे आता पुरे.

खेळाचे शिक्षक सयाजी सर यांचा या चौदांपैकी एकाशीच संबंध होता. तिहेरी उडीत राज्याच्या निवडीला शबानाला अकरा सेंटिमीटर कमी पडत होते. निवड चाचणी सहा आठवड्यांवर होती. त्यानंतर ती वयात बसणार नव्हती. दोन वर्षं तिनं ग्रंथालयाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर उड्या मारल्या होत्या. आता डॉक्टरांनी सिमेंट बंद केलं होतं. नडगीचं हाड तडकायच्या बेतात आहे म्हणाले.

“आता प्रात्यक्षिक,” मानसिंगराव म्हणाले. “आपल्यात सगळ्यात भारी कोण?”

“शबाना,” सर म्हणाले. जरा मोठ्यानंच.

शबाना पुढं आली. अठरा इंची ठोकळ्यासमोर उभी राहिली, गुडघे वाकवले, हात मागं नेले आणि तिथंच थांबली. कुंकू अजून ओलं होतं. त्यावर अक्षता चिकटल्या होत्या.

समोर चाळीसेक मोबाइल वर झाले होते. कौतुकानंच झाले होते. पण मोबाइल कौतुकानं वर झाला होता की आणखी कशानं, हे नंतर ठरतं.

“मार की उडी, बेटा,” मानसिंगराव म्हणाले. मग त्यांनाही दिसलं. मग सगळ्यांनाच दिसलं.

“ऋतुराज, आधी तू ये रे,” सर घाईनं म्हणाले.

ऋतुराज मोहोळचा, शंभर मीटर पळणारा. तो दोन पावलं मागं सरला. “मी? न्हाय ओ सर. पुजल्यालं हाय. आई घरात घेनार न्हाय.”

“अरे, परीक्षेला पेन पुजून नेतोस. लिहितोस की त्यानंच.”

“पेन पायात कुटं धरतोय सर?”

मांडव हसला. शबाना हसली नाही. तिचे हात अजून मागंच होते.

“धुळा, पूस ते.”

“मी न्हाय पुसनार सर. लावा म्हनला, लावलं. अन् पुसून काय हुतंय? नारळ फुटलाय की.”

“वर पोतं टाकू,” कुणीतरी सुचवलं.

“पोत्याखाली ते असनारच की,” धुळा म्हणाला.

मानसिंगरावांनी घसा खाकरला. हा विषय आपण कार्यकारिणीपुढं ठेवू, म्हणाले. कार्यकारिणी दोन महिन्यांनी बसणार होती. मग त्यांनी शबानाच्या डोक्यावर हात ठेवला. “पण पोरगी गुणाची बरं का. सांगावं लागलं नाही, आपणहून थांबली. याला म्हणतात संस्कार!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या कुठल्याही उडीला आजवर इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

चहा आणि चुरमुऱ्यांचा सुशीला झाला, माणसं पांगली. मैदानात सर आणि शबाना उरले, आणि हार घातलेले तीन ठोकळे.

सरांनी नळावर जाऊन रुमाल भिजवला. सर विज्ञानाचे पदवीधर. देवधर्माचं सगळं घरी बायको बघायची. ते तिला म्हणाले, “हे बघ, लाकूड आहे. लाकूड आणि रबर. बाकी काही नाही. मी पुसतो. कुणी विचारलं तर बेधडक माझं नाव सांग.”

“सर, उद्यापासून सुरू करायचं?”

“उद्या कशाला? आत्ताच. बूट बांध.”

तिनं नाड्या करकचून बांधल्या. सर रुमाल पिळत तरातरा पुढं गेले. तेवढ्या घाईत त्यांच्या बुटाचं टोक ठोकळ्याला लागलं.

सर वाकले. उजव्या हाताची बोटं त्यांनी ठोकळ्याला लावली आणि मग छातीला. हे एका श्वासात झालं, त्यांनी न ठरवता. मग त्यांना कळलं. ते तसेच अर्धवट वाकून राहिले. डाव्या हातातल्या रुमालातून पाणी गळत होतं.

शबाना खाली बसली आणि आत्ताच बांधलेल्या नाड्या सोडायला लागली.

“राहू द्या सर,” ती म्हणाली. “रुमालाला डाग पडेल.”