पश्चिमेची खिडकी

काचवाल्याने फोन ठेवला नाही, आपटला. मेजावरच्या बशा खणखणल्या. बायकोने हातातली पळी तशीच धरून त्याच्याकडे पाहिलं.

"दार बंद म्हणालात पोराला?"

म्हणाला होता खरा. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मुलाने, काल वकिलाला भेटून आलो, एवढंच सांगितलं आणि बापाचं डोकं फिरलं. लग्न मोडून येणाऱ्याला या घराचं दार बंद आहे, असं तो ओरडला. सूनबाई नातीला घेऊन माहेरी गेली होती. माहेर काही गल्लीपलीकडे नव्हतं. मुलाच्या घरापासून पश्चिमेला, गाडीने अख्ख्या दिवसाची वाट. भांडण मुळात राईएवढं. पाहुण्यांसमोर मुलगा तिला एक वावगा शब्द बोलला आणि मग आधी माघार कुणी घ्यायची यावरून दोघंही हटून बसली. ताणलं की तुटतं, हे समजावायला निघालेल्या बापाने स्वतःच आणखी ताणलं.

आता राग घशाशी आला होता आणि सूर्य खिडकीच्या चौकटीशी.

ती खिडकी साधी नव्हती. काचवाल्याने जन्मभर लोकांच्या घरांना काचा बसवल्या, पण आपल्या घरात पहिली मोठी काच बसवली ती स्वयंपाकघरात, पश्चिमेला, लग्न होऊन महिना झाला नव्हता तेव्हा. लग्न लावताना चर्चच्या पाळकांनी दोघांना एकच गोष्ट बजावली होती: राग मनात ठेवून सूर्य मावळू देऊ नका. देवाचा शब्द पाळायचा तर सूर्य नीट दिसायला नको? तेव्हापासून भांडण कितीही पेटो, तांबूस उजेड मेजावर आला की दोघांपैकी एक घसा खाकरायचं आणि दुसरं हळूच हसायचं.

मुलं झाली, त्यांनाही तोच नियम. हिवाळ्यात दिवस लहान, तेव्हा मोठी भांडणं उन्हाळ्यात काढावीत, असा त्यांचा हिशेब होता. एकदा मुलगा बहिणीशी अडून बसला आणि बघता बघता खिडकीतला सूर्य गेला. घाबरलेला हा पठ्ठ्या तिला ओढत गच्चीवर घेऊन गेला, इथून अजून दिसतो म्हणाला आणि माफी मागून मोकळा झाला. त्या दिवशी काचवाला पोट धरधरून हसला होता.

बायकोची माफी त्याने उदंड वेळा मागितली होती. मुलांना एकमेकांची मागायला लावली होती. मुलांची मात्र कधीच मागितली नव्हती. बाप म्हणजे घराचं मस्तक, ते वाकलं तर घर उभं कसं राहायचं, असं त्याला मनापासून वाटायचं.

काचेतला शेवटचा तांबडा तुकडा डोळ्यांदेखत गेला. बायकोने ताटं वाढली. आभाराची प्रार्थना नेहमी तोच करायचा. त्याने हात जोडले, डोळे मिटले, आणि प्रार्थना न करताच उघडले.

"मावळला," तो शेवटी म्हणाला. "आता काय करणार?"

"आपल्याकडे मावळला," बायको म्हणाली. "त्याच्याकडे आत्ता कुठे उगवलाय. अख्खा दिवस आहे तुमच्या हातात. पण जेवण गार होतंय."

काचवाला उठला. त्याने नंबर लावला. पलीकडे मुलाने फोन उचलला.

"लग्न मोडायचं नसतं, हे माझं म्हणणं होतं तेच आहे," काचवाला म्हणाला. "पण दार बंद म्हणालो, ते चुकलं. देवाने माझ्यावर कधी दार लावलं नाही आणि मी तुझ्यावर लावायला निघालो. मला माफ कर, बाळा."

मग मुलाने बारीक आवाजात एवढंच विचारलं, तिकडे सूर्य कुठे आहे. इथला गेला, बापाने सांगितलं, तुझ्याकडचा धरून फोन केलाय. यावर फोन बंद झाला.

मुलाने माफ केलं की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. पण छातीवरचा धोंडा उतरला होता आणि गार झालेलं जेवणही काचवाल्याला गोड लागलं. झोपण्याआधी नवरा-बायको गुडघे टेकून बसली. मागणं दोघांचं एकच होतं.

सकाळी उजाडता उजाडता दोघं चहा घेत असताना फोन वाजला. काचवाल्याने झडपच घातली. आधी नातीचा आनंदाने चाललेला आरडाओरडा ऐकू आला. मागून सूनबाईचा आवाज आला. दिवसभर गाडी हाकून आलास, पाण्याचा घोट तरी घे, उंबऱ्यात काय उभा राहिलास, म्हणून ती कुणाला तरी दटावत होती. त्या दटावण्यात रडूही होतं आणि हसूही. काचवाल्याने बायकोचा हात घट्ट धरला.

मग मुलगा बोलला. त्याला धाप लागली होती.

"पप्पा, आमच्या घरी एव्हाना मावळला असेल," तो म्हणाला. "इथे अजून आहे."