अळीची लाळ

भाच्याच्या उष्टावणाला निघण्याआधी सोपानने तिसऱ्यांदा लिंबाने हात चोळले. तरी बोटांवरचा हिरवा डाग आणि आंबूस वास गेला नाही.

तो रोपवाटिकेत कामाला होता. कीटकनाशकांनी अळ्या मरेनाशा झाल्यापासून टोमॅटोचे प्रत्येक रोप अळीची लाळ लावूनच शेतात जाई. अळी आली असे समजून रोप आधीच पानांत कडूपणा साठवी, मग खरी अळी त्याला तोंड लावत नसे. त्यासाठी सोपान दिवसभर जिवंत अळ्या चिमटीत धरून, अंगठ्याने गळ्याशी दाबून पानांवर ओकवी. हातमोज्यातून दाबाचा अंदाज येत नसे आणि अळी फुटे, म्हणून उघड्या हातांनी.

पाटावर बाळाला घेऊन बसलेला मेहुणा नजर चुकवत म्हणाला, "पाव्हणं, चमच्यानं भरवा."

"पहिला घास मामाच्या बोटानंच," बहीण शालन ठामपणे म्हणाली. "त्याच हातांनी वाढवलेलं आपण खातोच की!"

सोपानने खिरीचे बोट बाळाच्या ओठांना लावले. बाळाने ते आवडीने चोखले. कोमट, चिकट लाळ सोपानच्या बोटांवरून ओघळली आणि त्याचा अंगठा आपसूक बाळाच्या गळ्याशी गेला, दाबायला.

त्याने हात झटकन मागे घेतला. परसात धावत जाऊन तो भडाभडा ओकला.

"दादा, तो अजून मागतोय!" शालनने हाक मारली.

"चमचा घे," सोपान भिंतीला टेकून म्हणाला. "माझा हात नको."