दोन मिनिटांची श्रद्धांजली

"अजून जरा डावीकडे सरक," लॅपटॉपच्या पडद्यावरून डग्लस इंग्रजीत म्हणाला. "मागच्या खिडकीतले पत्रे दिसू देत. झोपड्यांमध्ये हार्प! लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

संघप्रिया जागची हलली नाही. "त्या झोपड्या नाहीत. स्टीलचे डबे बनवायचे गाळे आहेत."

"हरकत नाही. फिल्ममध्ये तसंच वाटेल."

गोडदेवमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती हार्प खांद्याला टेकवून बसली होती. डग्लस अमेरिकेत होता. हार्प या उभ्या, तारांच्या वाद्यावर उभी हयात घालवलेल्या एलेनॉर हॅस्केट नुकत्याच वारल्या होत्या. मोठमोठ्या वाद्यवृंदांत आणि एकटीच्या मैफलींत वाजवून झाल्यावर त्या शिकवायला बसल्या, आणि त्यांच्या हाताखालची माणसं जगभर पसरली. संघप्रिया त्यांतली एक. डग्लस त्यांचा भाचा. बाईंच्या नावानं चालणारी संस्था तोच सांभाळायचा, आणि ही संस्था शिकवणाऱ्यांना हार्प पाठवायची.

नवघरच्या बुद्धविहारात संघप्रिया दर रविवारी पाच मुलींना शिकवायची. हार्प एकच. रिक्षात आडवा घालून ती तो न्यायची. एकीनं वाजवायचं, बाकीच्यांनी आपापल्या मांडीवर बोटं चालवायची. दुसरा हार्प संस्थेनं कबूल केला होता. त्याआधी श्रद्धांजलीच्या फिल्मसाठी तिनं दोन मिनिटं बोलायचं होतं. काय बोलायचं, तेही डग्लसनं ठरवून ठेवलं होतं. 'मी अंधारात होते. एलेनॉरनं मला वाचवलं.'

"आणि तुझी आई," तो म्हणाला, "ती मागे जमिनीवर काहीतरी निवडत बसेल का?"

वैजयंताबाई खुर्चीत पेपर वाचत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय म्हणतोय गं तो?"

"तू खाली बसून तांदूळ निवडावेस म्हणतोय."

वैजयंताबाईंनी चष्मा काढला. "सांग त्याला, मी हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेय. आणि तांदूळ हल्ली निवडलेलेच मिळतात."

संघप्रियाला हसू आलं नाही. ती विमा कंपनीत नोकरी करत होती. हार्प तिनं स्वतःच्या पगारातून घेतला होता. बाईंना मेलही तिनंच केली होती, मला शिकवाल का म्हणून. बाईंनी कधी तिचं घर कसं आहे ते विचारलं नाही. व्हिडिओ कॉलवर त्या एवढंच बघायच्या की तारेवरचा अंगठा वर आहे की पडलाय. खाडीच्या दमट हवेनं तारा उतरल्या, तर सबब ऐकून घ्यायच्या नाहीत. "हवा तुझी, तारा तुझ्या. लाव पुन्हा." कित्येकदा ती रडत कॉल बंद करायची, आणि दुसऱ्या सकाळी ऑफिसला जायच्या आधी पुन्हा बसायची.

"मी हे बोलणार नाही," ती म्हणाली. "त्यांनी मला वाचवलं नाही. मी बुडत नव्हते. त्यांनी मला शिकवलं."

डग्लसनं कपाळ चोळलं. "हे बघ, देणगीदारांना वाजवण्यातलं काही कळत नाही. त्यांना गोष्ट कळते. तुझ्याकडे गोष्ट नसेल, तर हार्प दुसऱ्या कुणाला तरी जाईल."

मांडीवर बोटं चालवणाऱ्या पोरी संघप्रियाच्या डोळ्यांसमोर आल्या. क्षणभर तिला वाटलं, दोन वाक्यं तर आहेत. बोलून टाकावीत. मग तिनं आईकडे पाहिलं. वैजयंताबाई अजून चष्मा हातात धरूनच बसल्या होत्या.

"जाऊ दे हार्प," ती म्हणाली. "पण बाईंच्या नावावर असलं काही खपवू नका. त्या असत्या ना, तर त्यांनी तुम्हाला दाराबाहेर काढलं असतं."

डग्लस हलकेच म्हणाला, "ती वाक्यं माझी नाहीत. एलेनॉरचीच आहेत. प्रत्येक कार्यक्रमाआधी ती स्वतःबद्दल हेच सांगायची. खाणमजुराची पोर, घरात अन्न नाही, अंधारात होते, संगीतानं वाचवलं. 'संगीता'च्या जागी मी तिचं नाव घातलं, एवढंच."

"ते सगळ्यांना माहीत आहे. पण ते खरं होतं!"

"तिचे वडील दंतवैद्य होते. माझे आजोबा. मोठं घर होतं, दारात गाडी होती. तरुणपणी ती नुसती वाजवायची, तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. मग कुणीतरी तिला ही गोष्ट बनवून दिली, आणि सभागृहं भरायला लागली. शेवटपर्यंत तिला ती सोडता आली नाही. घरी आली की चार-चार दिवस कुणाशी बोलायची नाही."

"आता काय झालं?" वैजयंताबाईंनी विचारलं.

संघप्रियानं त्यांना मराठीत सांगितलं. आपल्याला फसवलं म्हणून बाईंचा राग यायला हवा होता. राग आलाही, पण तो बाईंवर गेला नाही. तो गेला त्या भरलेल्या खुर्च्यांवर.

वैजयंताबाईंनी पेपर बाजूला ठेवला. मग पुटपुटल्या, "एवढं वाजवूनसुद्धा गोष्ट सांगावी लागली?"

संघप्रिया उठली. तिनं खिडकी लावून घेतली. हार्प कोऱ्या भिंतीपुढे ओढला आणि तारा लावायला बसली.

"काय करतेयस?" डग्लसनं विचारलं. "दुसरा हार्प येणार नाही, हे कळतंय ना तुला?"

"कळतंय. रेकॉर्डिंग चालू ठेवा. मी एक शब्द बोलणार नाहीये."

"मग?"

"वाजवणार आहे. नुसतं वाजवणार. बाईंना तेवढंही कुणी करू दिलं नाही."