खांदा कोणाच्या खात्यातला

"हात वर करा," हाडांचे डॉक्टर म्हणाले.

"वर झाला असता तर तुमच्याकडे कशाला आले असते?" पार्लरवाली म्हणाली.

तरी तिने केला. उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच अडला. डॉक्टरांनी कोपराखाली बोटं लावून तो इंचभर वर ढकलला, तसं तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दुखतंय?"

"नाही, आनंदाश्रू आहेत."

शेजारी बसलेल्या नवऱ्याने घसा खाकरला. "तशी ती तापट नाही हो डॉक्टर. हल्लीच जरा चिडचिड वाढलीय."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "हाडं उत्तम. रक्ताचे रिपोर्टही नॉर्मल." हे ते तिला नाही, नवऱ्याला सांगत होते. "काळजीचं काही कारण नाही."

"बघ, मी म्हणत होतो ना!" नवऱ्याचा जीव भांड्यात पडला.

तिचा काही पडला नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहेत डॉक्टर, मी नाहीये. सकाळी बोटं मिटत नाहीत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. गुडघे असे आखडतात की पलंगावरून उतरायला पाच मिनिटं लागतात. दिवसभर लोकांचे केस मी बांधायचे आणि माझे, कॉलेजला जाता जाता, लेक बांधून देणार. परवा मालकीणबाईंनी ड्रायर माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत हात चालला तर ठीक, नाहीतर फोन घ्यायला बस. सव्वीस वर्षं कात्री चालवलीय मी. फोन घ्यायला बसू?"

"वयोमानाने होतं असं. वजन थोडं कमी करा. मनावर ताण घेऊ नका." डॉक्टर लिहू लागले.

"हेच मागच्या खेपेलाही लिहिलं होतंत. आणि हीच गोळी. तिने पोट तेवढं बिघडलं." ती खुर्चीत पुढे सरकली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "माझी पाळी वर्षभर मागेपुढे होतेय. कधी तीन-तीन महिने पत्ता नाही, कधी महिन्यात दोनदा. झोपेत घामाने उशी भिजते. खांदा, बोटं, गुडघे, सगळं तेव्हापासूनच धरलंय."

नवरा छताच्या पंख्याकडे बघू लागला. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"ते आमच्या खात्यात येत नाही. दुसऱ्या मजल्यावर बायकांच्या डॉक्टरबाई आहेत, त्यांना दाखवा."

"त्यांनीच खाली पाठवलंय. त्या म्हणाल्या, पाळीचं मी बघते, खांद्या-गुडघ्याचं आमच्या खात्यात येत नाही. चार महिने वर-खाली करतेय मी. लिफ्ट बंद. दर वेळी बेचाळीस पायऱ्या, आणि त्या या गुडघ्यांनी!"

"अगं, हळू बोल," नवरा पुटपुटला. "बाहेर बाकावर बायका बसल्यात. सगळं ऐकू जातंय."

"जाऊ दे."

डॉक्टरांनी चिठ्ठी फाडून पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"फोन लावा," ती म्हणाली.

"कोणाला?"

"वरच्या बाईंना. आत्ता, माझ्यासमोर. हा खांदा कोणाचा ते दोघं मिळून ठरवा. तोवर मी इथून हलत नाही."

"अहो, बाहेर पेशंट खोळंबलेत..."

"खोळंबू देत की!" दाराबाहेरून एका बाईचा आवाज आला. "आम्हाला काही घाई नाही."

डॉक्टरांनी मदतीसाठी नवऱ्याकडे पाहिलं. तो खुर्चीत अवघडून बसला होता. "लावा डॉक्टर," तो खाली बघत म्हणाला. "सकाळी तिच्या पाठीमागची बटणं मी लावतो. रोज ओरडते. मला वाटायचं, माझ्यावरच ओरडते."

पार्लरवालीने वळून त्याच्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी फोन लावला. "स्पीकरवर," ती म्हणाली. त्यांनी तोही केला आणि सगळी हकीकत कशीबशी दोन वाक्यांत उरकली. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"तुम्ही काय दिलंत सर तिला?" वरच्या बाईंनी विचारलं.

"वेदनाशामक. तुम्ही?"

"लोहाच्या गोळ्या."

डॉक्टरांनी तिने न घेतलेली चिठ्ठी हळूच खणात सारली.

"पाळी जायच्या आधीच्या वर्षांत असे सांधे धरतात, स्नायू दुखतात," बाई जरा ओशाळून म्हणाल्या. "माहीत दोघांनाही आहे सर. विचारलं मात्र कोणीच नाही. तिला वर पाठवा... नको, जिना नको. मीच खाली येते. व्यायामाच्या मॅडमना बोलावून घ्या, खांद्याला आजपासूनच सुरुवात करू. हार्मोनचं औषध तिला चालेल का, ते तपासून तिच्याशी बोलून ठरवू. वय किती आहे हो पेशंटचं?"

"सत्तेचाळीस," पार्लरवाली म्हणाली.

दार एव्हाना सताड उघडलं होतं. बाकावरच्या बायका उठून उंबरठ्यापाशी आल्या होत्या.

"पन्नास," कोपराला पट्टा बांधलेली एक म्हणाली.

"एकोणपन्नास," तिच्यामागची.

"मी पंचेचाळीसच आहे, पण धरा," भिंतीला टेकून उभी असलेली तिसरी म्हणाली.

डॉक्टर दाराकडे बघत राहिले. फोन हातातच होता.

"हॅलो, सर?" बाईंचा आवाज आला. "नक्की किती?"