शेवटची बरगडी

वाफेच्या पेटीचं झाकण उघडलं आणि सासरेबुवा ओरडले, "आता!"

सूनबाईने फडक्यात धरून लाकूड बाहेर ओढलं आणि ती बोटीत उतरली. हाताला चटके बसत होते, पण फडकं नीट करायला वेळ कुणाला? वाफवलेलं लाकूड जेमतेम मिनिटभर ऐकतं. मग ते सासऱ्यांहून हट्टी होतं.

बोटीच्या दहा कुजक्या बरगड्या एकेक करून बदलून झाल्या होत्या. अकरावीने मात्र घाम काढला. तिच्या जागी वाकवताना दोन लाकडं मोडली होती. दोन्ही वेळा सासरे म्हणाले होते, "हळू, सूनबाई, हळू," आणि तेवढ्यात लाकूड गार झालं होतं. हे तिसरं, शेवटचं. "हेही मोडलं तर बोट सरपणात," असं बोटीच्या मालकाने सकाळीच सांगितलं होतं. आता तो काठावर उभा राहून नखं खात होता.

गरम लाकूड हातात असताना बोलायचं एकानेच, बाकीच्यांनी मुकाट्याने ऐकायचं, हा त्या कारखान्याचा कायदा. चाळीस वर्षं बोलत आले ते सासरे. त्यांचा उजवा हात थरथरायला लागल्यापासून हात सुनेचे आणि जीभ त्यांची.

तिने लाकडाचं टोक तळाच्या खाचेत रोवलं आणि अंगाचा भार टाकला.

"हळू, सूनबाई, ह..."

"गप्प बसा, बाबा! गुडघा लावा इथे!"

तिची तिलाच धडकी भरली. नऊ वर्षांत कधी वर मान करून बोलली नव्हती. पण सासऱ्यांचा गुडघा आला होता.

"जोरात! अजून! अजून!"

लाकूड कण्हलं, वाकलं आणि फळ्यांना अंगभर चिकटून बसलं. तिने शिकंजा आवळला. कुठेही चीर नव्हती. आनंदाने तिला नाचावंसं वाटलं. पण समोर सासरे होते.

त्यांनी डाव्या हाताने हातोडी उचलली आणि बरगडी वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिली. टण. टण. टण. सगळीकडे खणखणीत.

"मिस्त्री, टिकेल ना हो?" मालकाला राहवेना.

सासऱ्यांनी गुडघ्याचा भुसा झटकला आणि सुनेकडे पाहिलं.

"आता बोलू का?"